चार तासांचा जाळ

बर्गन, ४ सप्टेंबर

प्रिय मामा,

कानातलं यंत्र लावलं तरी फोनवर तुला माझी नुसती गुणगुण ऐकू येते. मग तू "काय गं? काय?" करतोस आणि शेवटी दोघंही ओरडून ओरडून पावसापाण्याचं बोलतो. त्यापेक्षा पत्र बरं. पत्रात तुला मध्येच विषय बदलता येत नाही.

विषय असा. तुझे शेजारी गुडलाइव्हकाका परवा डोळे दाखवायला इथे आले होते. माझ्याकडे जेवले, दोनदा बटाटे वाढून घेतले, आणि बूट घालता घालता म्हणाले, "यंदा ब्रिन्युल्व नाताळची बिअर करत नाही म्हणे." वर हेही कळलं की तांब्याचा हंडा तू गावातल्या हॉटेलवाल्याला देणार आहेस, आणि तो माणूस हंडा दाराशी टांगून त्यात फुलं लावणार आहे. पणजोबांच्या हंड्यात फुलझाडं! मामा, तुझा खुबा मोडला होता की डोकं?

खुबा बदलल्यापासून तुला लाकडं फोडायची नाहीत, हंड्याखाली वाकायचं नाही, हे मला माहीत आहे. म्हणजे अडचण बिअरची नाहीच. सातू आहे, जुनिपरच्या फांद्या आहेत, यीस्ट आहे. अडतंय फक्त जाळापाशी. आणि जाळाचंच अडत असेल तर घरात एक इलेक्ट्रिशियन आहे, विसरलास का? पंधरा वर्षं मी बोटींवर वायरी ओढतेय. तुझ्या चूलघरात एक मोठी लाइन टाकली, तळाशी तापणारी कांडी असलेलं भांडं ठेवलं, की झालं. वीज नको असेल तर गॅसची शेगडी आणू. डिसेंबरात मी येते, मी करते, तू खुर्चीत बसून नावं ठेव.

आणि यीस्टचं काय करणार आहेस? वर्षातून एकदा तरी ते बिअरमध्ये पडलं पाहिजे, नाहीतर मरतं, असं तूच सांगायचास. वरच्या खालच्या सगळ्या शेतांवर लोकांनी आपापलं घालवलं आणि दुकानातल्या पुड्यांवर आले. आपलं तेवढं राहिलंय.

मला माहीत आहे तू काय म्हणशील. आजोबांच्या दफनाची बिअर माझ्या हातून उतू गेली, आणि तेव्हापासून तू मला हंड्याजवळ फिरकू दिलं नाहीस. पण तेव्हा मी अकरा वर्षांची होते. आता चौतीस आहे.

तुझी,
एल्ड्रिड

*

वॉस, ११ सप्टेंबर

एल्ड्रिड,

पत्र पोचलं. गुडलाइव्हच्या पोटात बटाटे राहतात, गोष्टी राहत नाहीत.

हॉटेलवाल्याला मी शब्द दिलेला नाही. तो आला, त्याने हंड्याचं माप घेतलं, कॉफी प्याला, गेला. नाताळपर्यंत सांगतो म्हणालो. न वापरलेल्या हंड्याला हिरवा कळंक चढतो, त्यापेक्षा फुलं परवडली.

आता तुझ्या विजेचं. गॅसची शेगडी मी पाहिली आहे. भोंग्यासारखी ओरडते. मला बहिऱ्यालासुद्धा त्रास झाला. आणि विजेचं म्हणशील तर बटण दाबून बिअर होत असती तर माझ्या आजोबांनी चार तास हंड्यापाशी कशाला काढले असते? सातूचा रस चार तास उकळायला हवा. तिसरा हिस्सा आटून लाल व्हायला हवा. त्याला आल्डरचंच लाकूड, मनगटाएवढं जाड, दोन वर्षं सुकलेलं. बर्च भडकतो. पाइनमध्ये राळ असते, तो तर हंड्यालाच खायला उठतो. हे सगळं बटणाला कोण शिकवणार?

पण तू हट्टी आहेस, आईवर गेलीस. म्हणून गुडलाइव्हच्या गाडीतून दोन गोष्टी पाठवतो. माझ्या आईचं छोटं तांब्याचं पातेलं, ज्यात ती एकटीपुरती करायची. आणि पाकिटात यीस्टचे वाळलेले पापुद्रे. रस अंगाइतका कोमट असतानाच टाक, थंडगार करू नकोस. पुस्तकात वेगळं लिहिलं असेल तर पुस्तक टाक. तुझ्या विजेवर करून दाखव. मग बोलू.

मागचं उकरू नकोस. झालं ते झालं.

मामा

*

बर्गन, ३ ऑक्टोबर

मामा,

आधी हसून घे, मग पुढचं वाच.

शनिवारी सकाळी आजीचं पातेलं घासून लखलखीत केलं, भरलं, शेगडीवर ठेवलं, बटण दाबलं. शेगडीने तीनदा चुकचुक केलं आणि बंद पडली. पुन्हा दाबलं. पुन्हा चुकचुक. तिच्या मते तिच्यावर भांडंच नव्हतं! वीस मिनिटं मी फ्यूज तपासत होते. मग डोक्यात उजेड पडला. माझी शेगडी इंडक्शनची आहे, आणि इंडक्शनवर तांबं तापत नाही. हे मी शिकाऊ पोरांना पहिल्या आठवड्यात शिकवते. गुडलाइव्हकाकांना सांगू नकोस.

मग गॅस. सहकाऱ्याची शेगडी मागून आणली आणि बाल्कनीत पेटवली. ती खरंच भोंग्यासारखी ओरडते, एवढं मान्य. दहाव्या मिनिटाला खालच्या मजल्यावरच्या बाई आल्या, पंधराव्या मिनिटाला सोसायटीचे चिटणीस आले. त्यांच्या हातात नियमांचा कागद होता. बाल्कनीत उघडी ज्योत नाही. कागद अजून फ्रीजवर लावलेला आहे.

शेवटी पुढच्या शनिवारी विजेचा उभा डबा विकत आणला, स्टीलचा. तो दीड तासाने आपोआप बंद होतो. ती खोड मी पेचकस घेऊन काढून टाकली. चार तास म्हणालास ना? पूर्ण चार तास उकळलं. आणि मी काय केलं सांगू? सोफ्यावर बसून मोजे विणले. एकदाही उठले नाही. यीस्ट अंगाइतक्या कोमट रसातच टाकलं. टाकताना आरोळी मारायची असते, म्हणजे बिअर जोमदार होते, हे लक्षात होतं. पण सोसायटीचा कागद फ्रीजवरून बघत होता, म्हणून नुसतं पुटपुटले. दोन दिवसांत बिअर झाली. पुटपुटण्यावरसुद्धा काम करतं आपलं यीस्ट.

बाटली काकांबरोबर पाठवतेय. खरं खरं सांग.

मला विजेचं हेच आवडतं मामा. बटण बंद केलं की विषय संपतो. काही उतू जात नाही, काही पेटत नाही. नंतर गावात कुणी मला म्हणायला नको, की फेसवालीने पुन्हा बिअर घालवली.

एल्ड्रिड

*

वॉस, १६ ऑक्टोबर

एल्ड्रिड,

तांब्याचं वाचून इतका हसलो की खुबा दुखला. गुडलाइव्हला सांगितलं नाही. म्हणजे, रविवारपर्यंत सांगितलं नव्हतं.

बाटली मंगळवारी उघडली. वाळवलेलं मटण कापून घेतलं, फ्लॅटब्रेड घेतली, नीट बसलो आणि खोट शोधायला लागलो. तासभर शोधली. रंग थोडा फिका आहे. वास आपला आहे. चव आपली आहे. विजेने बिअर बिघडते असं मी पन्नास वर्षं लोकांना सांगत आलो. ते बोलणं आता गिळायला लागणार, आणि तेही तुझ्याच बिअरबरोबर.

पण तुझं ते शेवटचं वाक्य बाटलीपेक्षा जास्त चढलं. फेसवाली. लोक अजून म्हणतात? मला वाटलं होतं विसरले. मला वाटलं होतं तूही विसरलीस. असं वाटून घेणं मला सोयीचं होतं.

मागचं उकरू नकोस असं मी लिहिलं होतं. आता मीच उकरतो.

त्या दिवशी मी लाकडं आणायला गोठ्याकडे गेलो होतो, असं सगळ्यांना सांगितलं. ते खोटं होतं. आठ रात्री मी वडिलांच्या उशाशी जागा होतो. ते गेले, आणि लगेच त्यांच्या दफनाची बिअर करायची होती. दीडशे लिटर उकळत होतं. मी तुला म्हटलं, "पाच मिनिटं जाळ बघ, आलोच." आणि गोठ्याच्या माळ्यावर गवतात आडवा झालो. दीड तास झोपलो, एल्ड्रिड. आल्डर संपलं, जाळ विझायला आला, आणि बिअर थांबू नये म्हणून तू दारामागच्या पाइनच्या फळ्या घातल्यास. अकरा वर्षांच्या पोरीने आणखी काय करायचं? मी आलो तेव्हा अर्धा हंडा जमिनीवर होता, आणि तू झाडूने फेस दाराबाहेर लोटत होतीस. डाव्या हाताला फोड आले होते.

लोक जमले, प्रत्येकाच्या वाट्याला अर्धाच वाडगा आला. तेव्हा मी उभा राहून म्हणालो, "पोरीच्या हाती जाळ दिला, चूक माझीच." सगळे म्हणाले, ब्रिन्युल्व मोठ्या मनाचा. त्या मोठ्या मनाखाली मी तेवीस वर्षं लपून बसलो. तुला हंड्याजवळ येऊ देत नव्हतो ते तू चुकलीस म्हणून नाही. तू तिथे उभी राहिलीस की मला माझी झोप दिसायची.

तुला वीज आवडते म्हणून वीज वापरणार असशील, तर चूलघरात लाइन टाक, मी खांब धरीन. पण जाळाला भिऊन वीज घेऊ नकोस. ती भीती तुझी नव्हे. मी तुझ्या गळ्यात बांधली.

माफ कर असं लिहायला बसलो होतो. लिहून पाहिलं, फार छोटं दिसलं. तरी लिहितो. माफ कर.

मामा

*

बर्गन, ७ नोव्हेंबर

मामा,

तीन आठवडे हे पत्र लिहितेय आणि फाडतेय.

तू झोपला होतास याचा राग नाही. आठ रात्री जागलेला माणूस झोपणारच. राग त्या भाषणाचा आहे. मी तिथे कोपऱ्यात उभी होते, हाताला लोणी लावून, आणि मला वाटलं, माझा मामा किती चांगला, माझा अपराध स्वतःवर घेतोय!

तुला माहीत नसलेली एक गोष्ट सांगते. मी हाका मारल्या होत्या. जाळ सोडून जाता येईना, म्हणून दारात उभी राहून "मामा, मामा" करून घसा फोडला. तू आला नाहीस. तेव्हापासून मला वाटतं, मी पुरेशी मोठ्याने ओरडले नाही. माझ्या घरात मेणबत्तीसुद्धा नाही. आईला वाटतं, मला वास आवडत नाही.

डिसेंबरात येईन की नाही ते सांगत नाही. मलाच ठाऊक नाही.

एल्ड्रिड

*

वॉस, १५ नोव्हेंबर

एल्ड्रिड,

ये असं म्हणणार नाही. तो हक्क माझा राहिलेला नाही.

इकडचं कळवतो. डॉक्टरीणबाईंनी कुऱ्हाड बंद केली आहे, करवतीबद्दल काही बोलल्या नाहीत. मीही विचारलं नाही. गुडलाइव्ह दोन वर्षांपूर्वी तोडलेलं आल्डर अंगणात आणून टाकतो आणि मी स्टुलावर बसून रोज दहा लाकडं कापतो. मनगटाएवढीच. सगळी चूलघराच्या भिंतीशी रचली आहेत. चार तासांचा जाळ होऊन वर उरतील इतकी झाली. पाइन एकही नाही, दारामागेसुद्धा नाही.

जुनिपर डोंगरावर आहे, हवं तेव्हा तोडता येईल. यीस्ट डब्यात आहे.

नाताळनंतर हॉटेलवाला पुन्हा येणार आहे. तू आली नाहीस तर मी हंडा त्याला देईन, आणि त्याचा दोष तुझ्यावर कधीही टाकणार नाही, कुणाहीपुढे. लाकडं जाळायची, वीज लावायची, की काहीच नाही, ते तू ठरव.

मामा

*

वॉस, चूलघर, शनिवार, १० डिसेंबर, दुपारचे साडेबारा

मामा,

तू माझ्यासमोर खुर्चीत झोपला आहेस, हनुवटी छातीवर टेकवून. म्हणून हे समोरासमोर लिहितेय. सातूच्या रिकाम्या पिशवीवर कागद ठेवलाय, अक्षर लावून घे.

सकाळी जुनिपरचं पाणी माझ्या विजेच्या डब्यात तापवलं तेव्हा तू तोंड वाकडं केलंस, पण बादल्या वाहायला लागल्या नाहीत म्हणून खूश होतास, मी पाहिलं. पाण्याला वीज आणि उकळीला लाकूड, असं मी बर्गनहूनच ठरवून आले होते. पाणी कशानेही तापतं. पण चार तासांचा जाळ मला एकदा माझ्या हाताने पार पाडायचा होता. त्यानंतर वीज घेतली तर ती मला आवडते म्हणून घेईन.

तीन काड्या विझल्या. तू बघत होतास, आणि एकदाही नावं ठेवली नाहीस. तुला ते किती जड गेलं असेल! चौथी लागली.

पहिले दोन तास तू जागा होतास. मग डोळे मिटलेस. मला आधी असा संताप आला की लाकूड फेकून मारावं. पुन्हा झोपलास? आजसुद्धा? मग तुझ्याकडे नीट पाहिलं. तू म्हातारा झालास रे. तोंड उघडं, हातावर करवतीचे ओरखडे. मला हसू आलं, मग रडू आलं, आणि तेवढ्यात फेस वर चढला.

काठापर्यंत आला होता, मामा. मी दोन पेटती लाकडं ओढून बाहेर घेतली, राखेत दाबली, आणि फेस खाली बसला. इतकं सोपं होतं. तेव्हा मला जाळ वाढवायचा कसा ते माहीत होतं, कमी कसा करायचा ते कुणी सांगितलेलं नव्हतं. त्यानंतर आणखी एकदा चढला, तेव्हा मी गाणं म्हणत होते.

आता तिसरा तास संपतोय. रस लाल झालाय. जमीन कोरडी आहे. तुला उठवणार नाही, तुझी झोप राहिली होती तेवढी घे. यीस्ट टाकायच्या वेळेला हलवीन.

उद्या सकाळी मला ड्युटीवर हजर व्हायचंय, म्हणून बुधवारी शेजारी पहिली बिअर चाखायला येतील तेव्हा मी नसेन. हे पत्र तुझ्या कोटाच्या खिशात ठेवतेय. घाईने उत्तर देऊ नकोस.

एल्ड्रिड

*

वॉस, १५ डिसेंबर

प्रिय एल्ड्रिड,

पत्र काल सापडलं, चष्मा शोधताना. मी झोपलो नव्हतो, डोळे मिटून जाळाचा अंदाज घेत होतो, असं लिहिणार होतो. पण खोटं बोलायचं सोडलंय.

कालचं सांगतो. चौदा जण आले. पहिला वाडगा फिरला आणि बोलणं थांबलं. तशी शांतता या चूलघरात मी वडिलांच्या वेळी ऐकली होती. गुडलाइव्हने मिशी पुसली आणि विचारलं, "वीज की लाकूड?" मी म्हणालो, "एल्ड्रिड."

मग उठून उभा राहिलो. सगळं सांगितलं. माळा, गवत, दीड तास, माझं भाषण. खाली बसलो आणि वाट पाहिली, आता कोण काय बोलतो. गुडलाइव्ह म्हणाला, "अरे, त्या दिवशी तुझ्या पाठभर गवत चिकटलेलं होतं. आम्ही काय आंधळे होतो?" दोघातिघांनी माना हलवल्या. त्यांना माहीत होतं, एल्ड्रिड! त्यांना वाटत होतं, तुलाही माहीत आहे, आणि घरातली गोष्ट घरात आहे. फेसवाली ते गमतीने म्हणायचे. मी म्हणालो, गंमत ज्याच्या हाताला फोड आलेत त्याला विचारून करायची असते. गुडलाइव्हची मान खाली गेली. तो रविवारी नाताळच्या जेवणाचं मेंढीचं मुंडकं घेऊन तुझ्याकडे येतोय, स्वतः शिजवणार आहे. त्याला माफ करायचं की नुसतं खायचं, ते तुझं तू बघ. पातेलं इंडक्शनवर चालणारं काढून ठेव.

हॉटेलवालाही आला होता. दोन वाडगे प्याला आणि हंड्याचं विचारलं. मी सांगितलं, मालकीण बर्गनला असते, तिला विचारा. पुन्हा विचारेल असं त्याच्या तोंडावरून वाटलं नाही. यीस्टचे नवे पापुद्रे वाळत घातले आहेत. निम्मे तुझे, कारण एकाच घरात ठेवणं बरं नव्हे. फेब्रुवारीत पुढचं आल्डर तोडायचं आहे, तेव्हा रजा काढ. आणि वसंतात ती मोठी लाइन टाकून दे. रोज सकाळी बादल्या न वाहता गरम पाणी मिळालं तर मलाही चालेल, पण हे गावात बोलू नकोस.

आणखी एकच. शनिवारी यीस्ट टाकताना तू आरोळी मारलीस, तेव्हा माझ्या कानातलं यंत्र घरात उशाशी राहिलं होतं. मी तुला बोललो नाही. गुडलाइव्ह म्हणतो, पलीकडच्या शेतावरची कुत्री भुंकायला लागली. ते मला ठाऊक नाही.

मला तुझी हाक ऐकू आली.

तुझा,
मामा